बूड टेकलं की बाण: 81 वर्षांच्या अंकलचं बादुआनजिन

सिंगापुरात कुठल्याही वयस्क पुरुषाला 'अंकल' म्हणतात, त्यामुळे नाव झाकायला मला वेगळं टोपणनाव शोधावं लागत नाही. हे अंकल 81 वर्षांचे, आणि बादुआनजिन म्हणजे आठ सावकाश हालचालींचा जुना चिनी व्यायाम. मी इथल्या एका डे-रिहॅब केंद्रात फिजिओथेरपिस्ट आहे; शिक्षण महाराष्ट्रात, नोकरी इथे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. माझ्या चुका तशाच ठेवल्यात.

पार्श्वभूमी

अंकलचे आईवडील दक्षिण चीनमधल्या च्याओशान भागातून बोटीनं इथे आले. घरात तेओच्यू बोली, शाळेत थोडी मँडरिन, कामावर मलय. गोदीत वेल्डर म्हणून उभं आयुष्य गेलं. बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा बायकोनं सकाळी खाली ओढत नेऊन ताई ची या सावकाश चिनी व्यायामाच्या गटात उभं केलं.

'खाली' म्हणजे व्हॉइड डेक. इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. आपल्याकडच्या स्टिल्ट पार्किंगमधून गाड्या काढून दगडी टेबलं मांडली तर जसं दिसेल तसं. लग्नाचे मंडप, अंत्यविधीचे मंडप, पट मांडून बसलेले म्हातारे आणि सकाळचे व्यायाम, सगळं तिथेच चालतं.

अंकल करायचे तो 24 हालचालींचा संच. लांबलचक पारंपरिक क्रमातून चीनच्या क्रीडा खात्यानं तो 1956 मध्ये बेतला, आणि आज जगभरच्या बागांमध्ये जे ताई ची दिसतं त्यातलं बरंचसं हेच. (जाता जाता एक: ताई चीतला 'ची' म्हणजे प्राणशक्तीवाला 'छी' नव्हे. अक्षरं वेगळी आहेत. इथला 'ची' म्हणजे टोक, परमावधी.) मुलीच्या फोनमध्ये 2017 चा एक व्हिडिओ आहे. त्यात अंकल इतके खाली बसून पाय सरकवतात की माझेच गुडघे दुखले.

7 एप्रिल 2020 ला सिंगापुरात करोनाची टाळेबंदी लागली आणि गट बंद झाला. पुढच्या वर्षी बायको गेली. गट पुन्हा सुरू झाला तेव्हा अंकल खाली उतरलेच नाहीत. अकराव्या मजल्यावर टीव्हीसमोर दोन वर्षं काढली. सोबतीला घरकामाला ठेवलेली इंडोनेशियन बाई. ती त्यांना 'आकोंग' म्हणायची, म्हणजे आजोबा. मुलगी वेगळी राहते, दर शनिवारी-रविवारी येते.

अडचण

दाराबाहेर चपला घालताना अंकल पडले. इथे चपला उंबऱ्याबाहेरच असतात, आणि एका पायावर उभं राहून दुसरा पाय चपलेत सरकवणं ही तोलाची रोजची परीक्षाच. हाड मोडलं नाही. दवाखान्यातून चिठ्ठी आली: ताकद आणि तोल बघावा.

वार्धक्यातल्या या अवस्थेला आम्ही फ्रेल म्हणतो. नुसतं म्हातारपण वेगळं आणि हे वेगळं. शरीराची शिल्लक संपत आलेली असते, आणि साधा ताप किंवा एक पडणं माणसाला अंथरुणाला खिळवू शकतं. तपासायचे निकष पाच: न ठरवता घटलेलं वजन, थकवा, पकडीची ताकद, चालण्याचा वेग, एकूण हालचाल. तीन किंवा जास्त बसले की फ्रेल. अंकलचं वजन वर्षभरात 57 वरून 52 किलोवर आलेलं. पकड 17 किलो. आशियाई पुरुषांसाठी 28 च्या खाली कमी मानतात. चार मीटर चालायला 6.7 सेकंद. घराबाहेर पडणं जवळपास शून्य. थकवा येतो का विचारलं तर "नाही" म्हणाले, पण मागे उभ्या मुलीनं मान हलवून 'येतो' सांगितलं.

तोल, चाल आणि खुर्चीवरून उठणं यांची मिळून 12 गुणांची एक चाचणी असते. अंकलना 5 मिळाले. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला 24 सेकंद लागले, आणि पाचव्या वेळी ते उठले की खुर्चीनं त्यांना ढकललं हे सांगणं कठीण होतं.

त्यात तिघांच्या तीन मागण्या. डॉक्टरांना पायात ताकद हवी होती. मुलीला एवढंच हवं होतं की बाबा पुन्हा पडू नयेत. अंकलना खाली जाऊन 24 करायचे होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आमचा नेहमीचा: केंद्रात येऊन सायकल, वजनं, रबरी पट्टा. पायांची ताकद वाढवायला हा सगळ्यात सरळ रस्ता आहे, याबद्दल मला आजही शंका नाही. अंकल दोनदा आले. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. रबर लावायचं ते चिकन राइसच्या पुडीला, असा निरोप मिळाला.

दुसरा पर्याय अंकलचा: थेट गटात जाऊन 24 सुरू करायचे. त्या संचात एका पायावर उभं राहून टाचेनं लाथ मारायची असते, 'सोनेरी कोंबडा एका पायावर उभा' नावाची हालचाल असते, वळणं असतात. एका पावलापुढे दुसरं लावून तीन सेकंदही उभं न राहू शकणाऱ्या माणसाला तिथे कसं सोडणार?

तिसरा मुलीचा: खाली जाणं नकोच, घरीच बसून काय ते करू दे.

चौथा पर्याय गट चालवणाऱ्या बाईंनी सुचवला. वय सत्तरीच्या पुढे, सगळे त्यांना 'लाओशी' म्हणजे शिक्षक म्हणतात. मी मनातल्या मनात मास्तरीणबाई म्हणते. त्यांच्या गटात ताई चीआधी बादुआनजिन होतं. या नावाचा अर्थ किनखाबाचे आठ तुकडे. नाव सोंग राजवटीच्या काळापासूनचं, आणि आज जो प्रमाण संच शिकवतात तो चीनमध्ये 2003 च्या सुमारास ठरवला गेला. हालचाली आठच, पावलं जवळपास जागच्या जागी, पाठ करायला क्रम सोपा, सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. दोन्ही हातांनी आभाळ उचला, डावी-उजवीकडे धनुष्य ताणा, एक हात वर एक खाली, मागे वळून पाहा, डोकं आणि कंबर झुलवा, हात पायांपर्यंत न्या, डोळे वटारून मुठी मारा, आणि शेवटी सात वेळा टाचा उचलून आपटा.

पुरावे चाळले. अटलांटातल्या 1996 च्या अभ्यासात सत्तरीपुढच्या 200 जणांपैकी ताई ची करणाऱ्यांत वारंवार पडण्याचा धोका 47.5 टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा सगळीकडे छापतात. त्याच चमूनं 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा अभ्यास फारसं कुणी सांगत नाही. त्यात फ्रेल होऊ लागलेले 311 जण होते, 48 आठवडे. पडणं कमी झालेलं दिसलं, पण तो फरक योगायोगाचा नाही असं छातीठोक म्हणता आलं नाही. म्हणजे जे धडधाकट असतात त्यांना ताई चीचा फायदा ठळक, आणि जे आधीच खचलेत त्यांच्याबाबतीत चित्र धूसर. ऑरेगॉनमधल्या 2018 च्या अभ्यासात मात्र पडण्याचा धोका असलेल्या 670 जणांत, तोलासाठी मुद्दाम बदललेलं ताई ची करणारे नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा 58 टक्के कमी पडले. 'मुद्दाम बदललेलं' हे शब्द मी तेव्हा वाचले, पण नीट मनावर घेतले नाहीत.

पहिला निर्णय: खुर्ची

मी चौथा पर्याय घेतला आणि त्यात तिसऱ्याचं पाणी घातलं. बादुआनजिन, पण खुर्चीत बसून. जागा व्हॉइड डेक, वेळ गटाचीच, सकाळी साडेसात, आठवड्यातून तीनदा. मुलगी निर्धास्त झाली. अंकल आले, याचाच मला आनंद.

त्याआधी मी स्वतः तीन आठवडे मास्तरीणबाईंच्या मागे उभी राहून शिकले. त्या सारख्या ओरडायच्या, "सोंग! सोंग!" मँडरिनमध्ये त्याचा अर्थ सैल सोड, खांदे उतरव, ताठरू नकोस. माझ्या मराठी कानाला दर वेळी दचकायला व्हायचं.

मग मी शहाणपणा केला. अंकलच्या एक्स-रेत कमरेच्या एका मणक्याची जुनी चेप दिसत होती. पाचव्या हालचालीत डोकं खाली जाऊन गोल फिरतं, सहावीत पाठ पूर्ण वाकते. चेपलेल्या मणक्याला वाकणं वाईट आणि डोकं फिरवलं तर चक्कर. दोन्ही वगळल्या. पहिल्याच दिवशी अंकलनी बोटं मोजली आणि मला म्हणाले, "मिस, सहा?" मी मान डोलावली. त्यांनी आठ बोटं वर केली, त्यातली दोन मिटली आणि ती मिटलेली बोटं माझ्यासमोर धरून ठेवली. आठ तुकड्यांचा किनखाब, त्यातले दोन मी कापून घेतले होते.

मास्तरीणबाईंनी रागावून तोडगा काढला. वळण ठेवा, खोली कमी करा, असं त्यांचं म्हणणं. पाचवीत डोकं खाली न नेता फक्त खांदे आणि कंबर झुलवायची, सहावीत पाठ सरळ ठेवून कुल्ल्यांतून वाकायचं आणि हात गुडघ्यांपर्यंतच. मणका वाचला, आठही राहिल्या. मला हे आपणहून सुचायला हवं होतं. रुग्णाच्या दृष्टीनं जे अखंड असतं त्यातला कुठला भाग काढला, यापेक्षा काढला हेच लागतं.

सहा आठवडे बिनबोभाट गेले. एकही खाडा नाही. मुलगी व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायची. सहाव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा मोजलं.

5 गुण. खुर्चीवरून पाच वेळा उठायला 23 सेकंद.

माझ्या कानाला ऐकू यायचं तेच चाललं होतं सहा आठवडे, सोंग. हात आभाळ उचलत होते आणि मांड्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. ताई ची काय किंवा बादुआनजिन काय, लांबून बघणाऱ्याला पिसासारखं हलकं वाटतं. त्यातलं ओझं सगळं वाकलेल्या गुडघ्यांवर असतं. वजन एका पायावर पूर्ण ओतायचं, दुसरा रिकामा करायचा, मग हळूहळू उलट. जितकं हळू तितका तो एक पाय जास्त वेळ भार धरून राहतो. मी अंकलना बसवलं आणि नेमकं तेच काढून घेतलं. 'सौम्य व्यायाम' या शब्दाला मी भुलले.

पुसिंग

सातव्या आठवड्यात उभं करायचं ठरवलं, आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्या हालचालीच्या मध्यात अंकल पांढरेफटक पडले. मी मागून धरलं, खुर्चीवर बसवलं. त्यांना सांभाळणारी बाई काकुळतीनं म्हणाली, "आकोंग पुसिंग, मॅडम. मी सांगितलं होतं."

तिनं सांगितलं होतं. निदान तीनदा. मला कामापुरती मलय येते. इथल्या जुन्या चिनी माणसांशी बोलायला तीच उपयोगी पडते. 'पेलान-पेलान' म्हणजे सावकाश, 'साकित' म्हणजे दुखतंय. मलयमध्ये 'पुसिंग' म्हणजे वळणं, गोल फिरणं. ती "सकाळी आकोंग पुसिंग" म्हणायची तेव्हा मला वाटायचं, आजोबा सकाळी घरात फेऱ्या मारतात, चांगलंच आहे. इंडोनेशियन बोलीत पुसिंग म्हणजे चक्कर.

त्याच दिवशी आडवं झोपवून रक्तदाब घेतला: 146 वर 76. उभं करून एका मिनिटानं: 118 वर 66. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर ती खरी घसरण समजतात. इथे दोन्ही. पहिल्या दिवशी मी रक्तदाब घेतला होता, पण बसवून.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सकाळी साडेसहाला रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी, दोन्ही एकदम. वर एक कप बिनसाखरेची काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, सोबत दोन बिस्किटं. मग लिफ्टनं खाली, आणि साडेसातला उभं. प्रोस्टेटच्या त्या जातीच्या गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात. 'सोंग' आतूनच झालेलं होतं म्हणा.

इथे निर्णयाची जागा आली. सोपा उपाय होता: व्यायामाची वेळ दहावर नेणं. पण दहाला खाली कुणी नसतं, ऊन चढतं, आणि अंकल तर माणसांसाठी खाली येत होते. बायकोच्या मैत्रिणी होत्या त्या गटात. म्हणून वेळ तशीच ठेवायची आणि गोळ्या हलवता येतात का हे डॉक्टरांना विचारायचं, असं ठरवलं. प्रोस्टेटची गोळी रात्री झोपताना गेली.

खाण्याकडेही तेव्हाच लक्ष गेलं. अंकलचं रात्रीचं जेवण म्हणजे तेओच्यू पद्धतीची तांदळाची पातळ पेज, बरोबर खारवलेलं अंडं किंवा खारवलेला मुळा. कोकणातली पेज आणि लोणचं आठवावं, इतकं तेच. आजारी माणसाला गोड लागतं, पोटाला हलकं, आणि प्रथिनं नावालाच. आहारतज्ज्ञांनी हिशोब केला: दिवसाला जेमतेम 35 ग्रॅम. 52 किलोच्या फ्रेल माणसाला किलोमागे 1.2 म्हणजे 60 च्या वर हवीत. पेज बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी आम्हालाच बंद केलं असतं. पेज राहिली, तिच्यात माशाचे तुकडे आणि टोफू आले. सकाळच्या कोपीबरोबर दोन अर्धकच्ची उकडलेली अंडी. इथल्या कॉफीच्या दुकानांतला तो जुनाच नाश्ता, त्यामुळे पटवावं लागलं नाही.

उभं राहून

आता प्रश्न मात्रेचा होता. गुडघे वाकले पाहिजेत, पण किती, आणि ते रोज सारखं कसं ठेवायचं? मी केंद्रात असते, खाली तिन्ही दिवस जाता येत नाही. अंशांच्या भाषेत बोलून उपयोग नाही.

उत्तर दुसऱ्या हालचालीत सापडलं. धनुष्य ताणताना पाय फाकवून घोड्यावर बसल्यासारखं खाली जायचं असतं. अंकलच्या मागे भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली, तिच्यावर दोन कडक उशा. पुढे हाताशी दगडी टेबल. नियम एकच: बूड उशीला टेकल्याशिवाय बाण सोडायचा नाही. टेकायचं, बसायचं नाही. टेकलं की बाण, मग वर. दोन्ही बाजूंना तीन-तीन बाण.

पहिल्या दिवशी चार बाण सुटले आणि मांड्या थरथरायला लागल्या. अंकल मांडीकडे बघत राहिले, कुणीतरी जुनं ओळखीचं भेटावं तसे. पंधरवड्यानं एक उशी काढली. सांभाळणारी बाई शेजारी उभी राहून मोजायची, सातु, दुआ, तिगा, आणि टेकलं नाही तर त्यांचा बाण मोजत नसे. माझ्यापेक्षा कडक होती.

गुडघ्यांत जुनी झीज होती, त्यामुळे दुखलं की काय करायचं हेही ठरवलं: थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरायला हवं, नाही ओसरलं तर उशी परत. एकदाच परत आली. आठव्या हालचालीत टाचा आपटायच्या असतात. मास्तरीणबाईंच्या मते तो हादराच सगळं काम करतो. चेपलेल्या मणक्यामुळे मी अडून बसले. शेवटी टाचा उचलायच्या, पण उतरवायच्या मात्र मांजराच्या पावलानं, असं ठरलं. पोटऱ्यांना तेच जास्त जड जातं, हे बाईंना करून बघितल्यावर पटलं. सातवीत मुठी मारताना अंकल श्वास कोंडायचे, त्यांना मोठ्यानं "हा!" म्हणायला लावलं. दहा म्हाताऱ्यांनी सकाळी सकाळी डोळे वटारून "हा!" केलं की वरच्या मजल्यावरची बाळं रडतात, एवढीच तक्रार आली.

रात्रीची घटना

पंधराव्या आठवड्यात अंकल पुन्हा पडले. सकाळी नाही, व्यायामात नाही. रात्री तीनला लघवीला उठले आणि न्हाणीच्या दाराशी बसकण मारली. कोपर सोलपटलं, बाकी काही नाही.

गोळी आम्ही सकाळवरून रात्रीवर नेली होती. घसरणही तिच्याबरोबर गेली, सकाळच्या उजेडातून, दहा माणसांच्या घोळक्यातून उठून रात्रीच्या अंधारात, एकट्या माणसाकडे. न्हाणीत धरायचे दांडे बसवायला अर्ज केला होता. दांडे यायचे होते. ते येईपर्यंत गोळी हलवायला नको होती, किंवा निदान रात्रीचा रक्तदाब एकदा घ्यायला हवा होता. हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं, गोळी हलवताना दिसलं नव्हतं.

मुलीनं सगळं थांबवलं. मी तिच्या जागी असते तर मीही थांबवलं असतं. पंधरा दिवस अंकल वरच राहिले. मग बैठक झाली: मुलगी, अंकल, बाई, मी, डॉक्टर फोनवर. मी व्यायामाची बाजू मांडायच्या तयारीनं गेले होते, पण बोलली ती सांभाळणारी बाई. म्हणाली, आधी आकोंग पडले की मी आणि शेजारी मिळून उचलायचो. या वेळी टबाच्या कडेला धरून स्वतः उठले. मी पोचेपर्यंत उभे होते.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं दांडे कधी येणार एवढंच विचारलं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी निम्मी केली, पलंगाखाली हालचालीवर लागणारा दिवा आला, उठण्याआधी पलंगाच्या कडेला बसून वीस वेळा पावलं वर-खाली करायची असं ठरलं. दांडे पुढच्या आठवड्यात बसले. अंकल एक उशी परत ठेवून सुरू झाले.

सहा महिन्यांनंतर

12 पैकी 8 गुण. खुर्चीवरून पाच वेळा 15.8 सेकंदांत. चार मीटर 5.6 सेकंदांत. एका पावलापुढे दुसरं लावून पाच सेकंद उभे राहिले. वजन 54 किलो. पकड 19, म्हणजे फारशी हलली नाही. मुठी मारून पकड वाढत नाही, त्यासाठी काहीतरी घट्ट धरावं लागतं. उभं राहिल्यावरची घसरण 12 वर आली.

यातलं किती श्रेय बादुआनजिनचं, किती अंड्यांचं, किती निम्म्या गोळीचं, हे एका माणसावरून सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही. निकषांवर बोट ठेवलं तर अंकल अजून फ्रेलच्या रेषेच्या आसपासच आहेत. चपला मात्र आता दाराबाहेर ठेवलेल्या स्टुलावर बसून घालतात. स्टूल मुलीनं आणलं. पाचशे रुपयांचंही नसेल आपल्या हिशोबानं, आणि ते पहिल्या दिवशीच सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

रक्तदाब पहिल्याच दिवशी आडवं आणि उभं, दोन्ही. पाच मिनिटांचं काम. त्याआधी एकही हालचाल नाही.

खुर्चीतला टप्पा सहा आठवड्यांचा न ठेवता फार तर दोन. तोही फक्त क्रम लक्षात बसावा आणि माणूस खाली यायला लागावा म्हणून. ज्याला उभंच राहता येत नाही त्याला बसून करण्यात गैर नाही, पण अंकलना राहता येत होतं. मी सुरक्षिततेच्या नावाखाली माझी भीती त्यांना खुर्ची म्हणून दिली.

सांभाळणाऱ्या बाईशी तिच्या भाषेत बोलणारं कुणीतरी पहिल्या आठवड्यात हवं होतं. केंद्रात दोन इंडोनेशियन सहकारी होत्या. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडलं असतं.

जोडीला पायांचा आणि पकडीचा साधा वजनांचा व्यायाम हवा होता, असं मला अजून वाटतं. अंकल तयार नव्हते, पण चौथ्या महिन्यानंतर, मांड्या थरथरणं त्यांना आवडायला लागल्यावर, मी पुन्हा विचारायला हवं होतं. एकदा मिळालेला नकार मी कायमचा धरून बसले.

एक गोष्ट मात्र मी तशीच करेन. वेळ साडेसातचीच ठेवेन.

शेवटच्या भेटीला गेले तेव्हा बादुआनजिन संपलं होतं आणि गट 24 कडे वळला होता. अंकलना पहिल्या तीन हालचालींची परवानगी आहे, टेबलापासून हातभर अंतरावर. तिसरीचं नाव 'पांढरा क्रौंच पंख पसरतो'. तिच्यात सगळं वजन मागच्या उजव्या पायावर जातं आणि डाव्या पायाचा चवडा जमिनीला फक्त शिवतो, रिकामा. मास्तरीणबाईंनी खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं, अंकलच्या डाव्या चवड्याखाली सरकवलं आणि टोक धरून हळूच ओढलं. पाय खरंच रिकामा असेल तर पाकीट अलगद निघून येतं.

अर्धं आलं, मग अडकलं. अंकल खाली बघून हसले. बाईंनी ते पाकीट तिथेच राहू दिलं आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.